बरा असलेला माणूस

माझ्या मामाला आमच्या शहरात दोन नावं होती. तरुणपणी त्याला सगळे ‘खांब’ म्हणायचे. उंची सहा फुटांच्या वर, आणि मैदानात एकदा पाय रोवून उभा राहिला की त्याच्या बाजूने चेंडू न्यायची कुणाची टाप नव्हती. उतारवयात त्याला ‘दाखलेवाला’ म्हणू लागले. पहिल्या नावाने हाक मारणाऱ्यांतले बरेचसे लढाईतून परत आले नाहीत. जे आले त्यांनी दोन्ही नावं एकाच माणसाची, हे कुणाला सांगितलं नाही.

मी त्याची सख्खी भाची. त्याच्याच घरात वाढले. यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलंय, थोडं आजीकडून ऐकलंय, आणि सगळ्यात अवघड भाग मामाने मला स्वतः सांगितला. तेव्हा मी तिशी ओलांडलेली होते.

तो खेळायचा तेव्हा फुटबॉल आमच्याकडे नवा होता. मैदान वीटभट्टीच्या मागे. चेंडू चामड्याचा, आत रबरी फुगा, वरून बुटासारखी नाडी. भिजला की धोंड्यासारखा जड व्हायचा, आणि नाडीच्या बाजूने डोक्यावर घेतला तर तिचे वळ दोन दिवस कपाळावर दिसायचे. बुटाच्या तळाला मोची चामड्याच्या पट्ट्या ठोकून द्यायचा. गोल म्हणजे दोन खांब आणि वर ताणलेली दोरी. जाळी नसायचीच. खेळणारे सगळे आपापला कामधंदा सांभाळून येणारे: बँकेतला कारकून कप्तान होता, एक न्हावी, एक औषधांच्या दुकानातला, एक टपाल वाटणारा. मामा वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होता.

डाव्या बाजूला पुढे खेळायचे ते माझे बाबा. ते छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. हातानेही डावरे, पायानेही डावरे, म्हणून नाव ‘डावरा’. बोटांची शाई कधी जायची नाही. त्यांच्याशी हात मिळवला की तळव्यावर त्या दिवसाची बातमी वाचता येते, असं न्हावी म्हणायचा.

एका वर्षी शहराच्या कपाची शेवटची मॅच होती. बरोबरी चालली होती, दहा मिनिटं उरली होती. बाबांनी डावीकडून मुसंडी मारून चेंडू असा हाणला की तो खांबालगत जाऊन मागच्या भिंतीवर आदळला. खांबाच्या आतून गेला की बाहेरून, याला पंचांच्या डोळ्यांशिवाय पुरावा नाही. पंचांनी शिट्टी वाजवून गोल दिला. आमची माणसं नाचायला लागली. मामा मात्र सरळ पंचांकडे गेला.

“बाहेरून गेला,” तो म्हणाला. “मी मागेच होतो. वीतभर बाहेरून.”

“तू कुणाकडून खेळतोयस?” पंचांनी विचारलं.

“ज्यांना गोल मिळाला त्यांच्याकडून.”

गोल रद्द झाला. शेवटी शेवटी पलीकडच्यांनी एक सारला आणि कप हातचा गेला. कप्तान महिनाभर मामाशी बोलला नाही. न्हावी म्हणाला, याची दाढी यापुढे मी बिनपाण्यानेच करणार. ज्यांचा गोल गेला होता ते बाबा एकटेच हसत होते. मामाच्या खांद्यावर हात टाकायला त्यांना टाचा उचलाव्या लागायच्या. तसा हात टाकून म्हणाले, “चल रे हरिश्चंद्राच्या धाकट्या भावा, तुझ्या घरी चल. तुझी बहीण तरी म्हणेल, गोल होता म्हणून.”

आई म्हणाली, गोल होता. ती मॅच बघायला गेलीच नव्हती. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

आईचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं. त्याच सुमारास लढाई सुरू झाली. डॉक्टर म्हणून मामाला पहिल्या आठवड्यातच बोलावणं आलं. बाबा, कप्तान, न्हावी असे टीममधले आठजण एकाच सकाळी एकाच रांगेत उभे राहून भरती झाले. आजी सांगायची, स्टेशनवर ते असे काही चढले की जणू बाहेरगावच्या मॅचला निघालेत.

मामाला आघाडीवर पाठवलं नाही. आमच्या शहरापासून रेल्वेने पाच तासांवर एका बंद पडलेल्या कापडगिरणीत बरे होणाऱ्या जखमींसाठी इस्पितळ उघडलं होतं, तिथे त्याची नेमणूक झाली. कापड विणायचे माग हलवून तिथे खाटा मांडल्या होत्या. जमिनीत तेल मुरलेलं होतं, कितीही घासलं तरी पाय घसरायचे, आणि फटींतून सुताचे धागे निघायचे. मोठी ऑपरेशनं तिथे होत नव्हती. माणसं टाके घातलेली, प्लास्टरमधली यायची. मामाचं काम ती बरी करायचं. आणि बरी झाली की सांगायचं, बरी झाली.

दर मंगळवारी बोर्ड बसायचं. टेबलामागे तिघं: मधे कर्नल, एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा कारकून. एकेक जण उघड्या अंगाने आत यायचा. मामा तपासायचा आणि एक अक्षर सांगायचा. ‘अ’ म्हणजे तंदुरुस्त, गुरुवारच्या गाडीने परत आघाडीवर. ‘ब’ म्हणजे आणखी सहा आठवडे इथेच. ‘क’ म्हणजे घरी. आठवड्याला चाळीस ‘अ’ लागायचे. चाळीस भरले नाहीत तर कर्नल ‘ब’ची यादी पुढे ओढायचा आणि वरून नावं उचलायचा. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याचा स्वतःचा मुलगा आधीच गेला होता.

पहिल्या दीड वर्षात आपल्या टीममधले पाचजण त्या टेबलापुढे उभे राहिले, असं मामाने मला सांगितलं. टपालवाल्याला त्याने ‘क’ दिला, कारण त्याचा पंजाच उरला नव्हता. न्हाव्याला ‘अ’ दिला. कप्तानाला ‘अ’ दिला, तोही दोनदा. दोघं परत आले नाहीत.

आणि मग बाबा आले.

त्यांच्या डाव्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला होता. तो काढलेला होता, जखम भरत आली होती. मधे ते एकदा रजेवर घरी येऊन गेले होते, आणि गिरणीत आले तेव्हा आईला दुसऱ्यांदा दिवस गेलेले होते, सातवा महिना चालू होता. तिने भावाला पत्र लिहिलं. ते पत्र मी पाहिलं नाही, पण त्यातलं मुख्य वाक्य आईनेच मला नंतर सांगितलं: ‘दादा, तुझ्या हातात आहे, त्याला बाळ होईपर्यंत ठेवून घे.’

मामाने ते पत्र वाचून खिशात ठेवलं. महिना गेला. बाबा काठी घेऊन चालू लागले, मग काठीशिवाय चालू लागले. गिरणीच्या मागे मोकळी जागा होती. तिथे बरे होत आलेले लोक फुटबॉल खेळायचे. एका रविवारी मामा वरच्या खिडकीत उभा होता, आणि खाली डाव्या बाजूने एकजण चेंडू घेऊन सुटला. एकाला चकवलं, दुसऱ्याला, तिसऱ्याला. वरून तोंड दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती.

“मला इतका आनंद झाला,” मामा मला म्हणाला, “की मी टाळी वाजवली. आणि टाळी वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं की मी काय बघतोय.”

सोमवारी दुपारी बाबा त्याला व्हरांड्यात गाठून म्हणाले, “खांबा, एक मागू का?”

“माग.”

“सहा आठवडे दे. बाळ बघतो आणि जातो. पळून नाही जात कुठे.”

“तू काल तिघांना चकवलंस. मी पाहिलं.”

“खेळताना दुखत नाही रे. तुला मी सांगायला हवं का?”

“उद्या तपासतो. दुखत असेल तर तसं लिहीन.”

बाबा मग हसले. “म्हणजे हाही बाहेरूनच गेला म्हणायचा,” म्हणाले, आणि आपल्या वॉर्डकडे वळले.

मंगळवारी अडतीस ‘अ’ झाले होते. बाबा आत आले. मामाने मांडी दाबली, गुडघा वाकवून पाहिला, त्यांना एका पायावर उभं केलं.

“दुखतंय?” त्याने विचारलं.

हे मामाने मला सांगितलं तेव्हा आम्ही घरातल्या त्याच्या दवाखान्यात बसलो होतो. स्टोव्हवर सुया उकळत होत्या. त्याने वात बारीक केली आणि म्हणाला, “मी वाट बघत होतो. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. दुखणं पेशंटचं असतं, डॉक्टरला ते दिसत नाही. तो ‘हो’ म्हणाला असता तर मी ‘ब’ सांगितलं असतं आणि मला शांत झोप लागली असती.”

“मग?”

“माझ्याकडे बघून ‘नाही’ म्हणाला.”

“का?”

“त्याला वाटलं असणार, याच्याशी खोटं बोलून काय उपयोग, हा ओळखेल. सगळ्यांना असंच वाटायचं माझ्याबद्दल. त्यालाही वाटलं.”

‘अ’ एकोणचाळीस झाले. चाळिसावाही निघाला. तो दिवस बोर्डाला सोपा गेला, कारण ‘ब’ची यादी ओढावी लागली नाही. त्या यादीत सगळ्यात वर एक माणूस होता, त्याची पाठीची जखम अजून वाहत होती. बाबांना ठेवलं असतं तर तो आघाडीवर गेला असता. मी विचारलं, तो माणूस पुढे जगला का? मामा म्हणाला, “माहीत नाही. त्याचं नावही लक्षात नाही माझ्या.”

त्याच संध्याकाळी मामाने आईला दोन ओळींचं उत्तर लिहिलं. आईला ते तोंडपाठ होतं. ‘तो पूर्ण बरा आहे. बरा असलेल्या माणसाला आजारी कसं लिहू?’

बाबा गुरुवारच्या गाडीने गेले. अकराव्या दिवशी ते मारले गेल्याची तार आली. त्यानंतर दोन आठवड्यांनी माझा जन्म झाला.

तार आल्यावर मामाला कुणी दोष दिला नाही. कर्नल त्याच्या खोलीत येऊन दहा मिनिटं बसला आणि गेला. पुढच्या मंगळवारी बोर्डापुढे एक सुतार आला. हाताचं मोडलेलं हाड उत्तम जुळलेलं, मूठ लोखंडासारखी. त्याची बायको बाळंत व्हायची होती. मामाने त्याला विचारलं, “दुखतंय?” सुतार म्हणाला, “थोडंफार.” मामाला कळलं की तो खोटं बोलतोय. त्याने ‘ब’ सांगितलं. त्या दिवशी एकोणचाळीसच ‘अ’ भरले. कर्नलने यादी ओढली आणि वरचं नाव उचललं. ते होतं बेकरीत पीठ मळणाऱ्या एका माणसाचं. छातीला मार लागलेला होता, बोलताना धाप लागायची. तो आघाडीपर्यंत पोचलाच नाही. गाडीतच रक्ताच्या उलट्या होऊन गेला.

“खरं सांगितलं तेव्हा एक मेला,” मामा म्हणाला. “खोटं सांगितलं तेव्हा दुसरा. मग मी अर्ज केला, मला पुढे पाठवा.”

आघाडीच्या मागे तंबूत जखमा बांधायच्या, तिथे तो दोन वर्षं राहिला. त्या दोन वर्षांबद्दल त्याने मला एकच वाक्य सांगितलं: “तिथे बरं होतं. तिथून माणसं फक्त मागे पाठवायची होती.”

लढाई संपली. आजोबा तोवर वारले होते. बाबांना आपलं म्हणावं असं कुणी नव्हतं, म्हणून आई मला घेऊन माहेरी आली होती. मामा एका सकाळी पिशवी घेऊन दारात उभा राहिला. आजीने त्याला कवटाळलं. आई मला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मामाने तिचं नाव घेतलं. ती आत गेली आणि तिने त्याच्यासाठी ताट वाढलं. बोलली नाही.

नंतरची सोळा वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही. राग राग केला नाही, भांडी आपटली नाहीत. त्याचे कपडे धुतले, त्याला टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस उशाशी बसली. पण तोंडातून शब्द नाही. लहानपणापासून ती त्याला ‘दादा’ आणि ‘अरे-तुरे’ करायची, ते गेलं. मला म्हणायची, “डॉक्टरांना सांग, पाणी तापलंय.” ‘डॉक्टरांना’ म्हणायची, एखाद्या भाडेकरूला म्हणावं तसं. मला वाटायचं, सगळ्या घरांत असंच असतं, एका माणसाचं दुसऱ्याला तिसऱ्याने सांगायचं.

आईने बाबांच्याच छापखान्यात नोकरी धरली, छापलेल्या कागदांच्या घड्या घालायची. मामाने घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना काढला. एक टेबल, एक बाकडं, पडद्यामागे खाट. सुरुवातीला पेशंट बऱ्यापैकी यायचे. वीटभट्टीमागच्या मैदानावर नव्या मुलांनी क्लब पुन्हा उभा केला आणि मामाला पहिल्या मॅचला बोलावलं, चेंडूला पहिली लाथ तुम्ही मारा म्हणाले. मामा गेला, हात मागे बांधून रेषेवर उभा राहिला. लाथ मारली नाही. म्हणाला, गुडघा धरलाय. त्याच्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. खोटं बोलायला तो फार उशिरा शिकला, आणि त्याला ते कधी नीट जमलं नाही.

नीट जमलं नाही असं म्हणते ते दाखल्यांवरून. गिरणीतले, गोदीतले, कचेऱ्यांतले लोक आजारपणाचा दाखला मागायला यायचे. मामा कुणालाच नाही म्हणायचा नाही. नाडी बघायचा नाही, जीभ बघायचा नाही. विचारायचा, “किती दिवस हवेत?” आणि लिहायचा. पैसे घ्यायचा नाही. फुकटचं म्हटल्यावर रांग लागली. एकदा एका हमालाने एक महिना मागितला. दारू पिऊन आला होता, सरळ दिसत होतं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. तो गेल्यावर मी म्हटलं, “मामा, अहो त्याला काहीही झालेलं नाही.”

“असेल,” तो म्हणाला. “घरी तर राहील.”

हळूहळू मालक लोक त्याचे दाखले फाडून टाकू लागले. मग खरे आजारीही येईनासे झाले, कारण त्याच्या कागदाला किंमत उरली नव्हती. एका बाईचा नवरा खरोखरच क्षयाने खंगत होता. मामाचा दाखला घेऊन तो कारखान्यात गेला, मुकादमाने तो वाचलाही नाही. नवरा कामावर जात राहिला आणि चार महिन्यांत गेला. ती बाई दवाखान्याच्या दारात उभी राहून म्हणाली, “डॉक्टर, तुम्ही सगळ्यांना दिलेत म्हणून माझ्या माणसाला मिळालं नाही.” मामाने मान खाली घातली. ती म्हणत होती ते खरं होतं.

शेवटी कारखान्यांनी मिळून तक्रार केली. वैद्यक मंडळापुढे चौकशी झाली. वकिलाने मामाला सांगितलं, पेशंटनी फसवलं म्हणा, सुटाल. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, “हे लोक बरे आहेत हे तुम्हाला कळत नव्हतं का?” मामा म्हणाला, “कळत होतं.” त्याची सनद दोन वर्षांसाठी काढून घेतली. दाराबाहेरची पाटी काढायला माणूस आला तेव्हा स्क्रू गंजले होते, तर मामाने आतून त्याला तेलाची कुपी आणून दिली.

त्याच आठवड्यात आई बोलली. मोरी तुंबली होती, पाणी स्वयंपाकघरात यायला लागलं होतं. मी बाहेर होते. परत आले तेव्हा मामा गुडघ्यावर बसून तार घालत होता, आणि आई म्हणत होती, “डावीकडे घाला. तिकडे वळण आहे.”

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मला वाटलं, सुटलं. आता आज ना उद्या ती बसतील, रडतील, बोलून मोकळी होतील. मी मुद्दाम कामं काढून बाहेर जायचे, दोघांना घरात एकटं सोडायचे. तसं काही झालं नाही. ती बोलू लागली, पण ते पाण्याचं, रॉकेलचं, छपराच्या गळतीचं. आणि ‘तुम्ही’ म्हणूनच. ‘दादा’ परत आलं नाही. बोलण्यापेक्षा ते न बोलणं बरं होतं, त्यात निदान काहीतरी धरून ठेवलेलं होतं. आता मूठ उघडली होती आणि आत काही नव्हतं.

एकदा मी आईला सरळ विचारलं. ती खिडकीपाशी छापखान्यातून घरी आणलेल्या कागदांच्या घड्या घालत होती.

“आई, तू त्यांना माफ केलंस का?”

“कशाबद्दल?” ती म्हणाली. “त्याने चूक केली असती तर केलं असतं माफ. त्याने चूक कुठे केली?” तिने हाडाच्या पट्टीने घडी दाबली, पुढचा कागद घेतला. “मी जन्मभर शोधतेय चूक. नाही सापडत.”

सनद परत मिळाल्यावर मामाने पाटी लावली नाही. दुपारी तो पुढच्या खोलीत बसायचा, रिकाम्या बाकड्यासमोर. सवयीने सुया उकळायचा. बरीच वर्षं गेल्यावर अशाच एका दुपारी त्याने मला गिरणीची सगळी हकिकत सांगितली. मी विचारलं, हे आईला कधी सांगितलंत का? बाबा ‘नाही’ म्हणाले, ते? तो म्हणाला, “नाही. तिला वाटतं मी त्याला पाठवलं. तो आपण होऊन ‘नाही’ म्हणाला हे तिला कळलं, तर तिला त्याचाही राग येईल. मग तिच्याकडे कोण उरेल?”

मीही सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, ते मला आजही कळत नाही.

साठाव्या वर्षी एका थंडीत मामाला न्यूमोनिया झाला. आईने पोटीस बांधलं, खोली गरम ठेवली, दर दोन तासांनी पाणी पाजलं. दुसरा डॉक्टर बोलावला. त्याने छाती तपासून विचारलं, “दुखतंय?” मामाने डोळे उघडून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. आईने त्याचे डोळे मिटले, चादर हनुवटीपर्यंत सारखी केली, आणि मला म्हणाली, “खिडकी उघड. खोलीत फार कोंदट झालंय.”

पोचवायला शेजारची चार माणसं होती. जुन्या क्लबमधलं कुणी आलं नाही, ज्यांना कळवावं असं कुणी उरलंच नव्हतं. परत आल्यावर मी आईला म्हटलं, थोडं खाऊन घे. ती बसली. आम्ही दोघी जेवलो. जेवण झाल्यावर तिने सवयीने मांडलेलं तिसरं पान उचलून फळीवर ठेवलं, हात पुसले, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर छापखान्यात गेली.